थ्रीडी मॉडेलवरून मऊ खेळण्याचा पेपर पॅटर्न: आधी शिवण ठरवा, मग उलगडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बसलेल्या हत्तीच्या पिल्लाचं मॉडेल केलं, बरोबर मधून शिवणरेषा टाकून ते अनरॅप केलं (म्हणजे पृष्ठभाग उलगडून सपाट केला), प्रिंट काढली आणि मिंकी या मऊ, लवदार, ताणणाऱ्या कापडात शिवलं. डोकं २० सेंमी व्यासाचं गोल यायला हवं होतं, ते समोरून अरुंद आलं आणि कडेने चुण्या पडल्या. मान गायब झाली. सोंड तेवढी बाजूच्या चित्रावरून हाताने काढली होती, ती बारीक आली. तर मॉडेल दिलं की अचूक पॅटर्न काढून देणारं सॉफ्टवेअर कोणतं?

असं सॉफ्टवेअर नाही. शिवाय तुमच्या चारही तक्रारी सॉफ्टवेअर बदलून जाणार नाहीत. संगणकातलं मॉडेल हा नुसता पृष्ठभाग आहे, आणि खेळणं हे आतल्या भरावाने तट्ट ताणलेलं कापड. पृष्ठभाग उलगडून सपाट करायला एक बटण पुरतं. शिवण कुठून न्यायची, कापड कुठल्या बाजूला ताणलं जाणार, भराव टाकल्यावर आकार कुठे सरकणार, हे मात्र बटण दाबायच्या आधी आपणच ठरवायचं असतं. या कामात माझा निम्म्याहून जास्त वेळ मॉडेलवर शिवणरेषा आखण्यात आणि पुसण्यात जातो.

सोंडेपासून सुरुवात करू, कारण ती सोपी आहे. दोन सपाट तुकडे कडेने शिवून आत कापूस दाबला की नळीचा छेद गोल होतो, आणि त्या गोलाचा परीघ म्हणजे दोन तुकड्यांच्या रुंदीची बेरीज. चित्रात सोंड ४ सेंमी जाड दिसली म्हणून तुम्ही ४ सेंमी रुंदीचे दोन तुकडे काढले. परीघ झाला ८ सेंमी, व्यास ८ भागिले ३.१४, म्हणजे जेमतेम अडीच सेंमी. ४ सेंमी जाडी हवी तर परीघ १२.५७ लागतो, म्हणजे प्रत्येक तुकडा ६.२८ सेंमी रुंद, माया (शिवणीबाहेर ठेवायचं जादा कापड) वेगळी. हात, पाय, शेपटी, जे जे दोन तुकड्यांच्या नळीतून होतं त्याला हाच हिशेब लावायचा: हव्या त्या जाडीला १.५७ ने गुणा. चित्रावरून छाप काढून शिवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे हातपाय काडीसारखे येतात ते यामुळेच.

आता डोकं. मधोमध एकच शिवण म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला एकेक अर्धगोल. त्रिज्या १० सेंमी असेल तर अर्धगोलाचं क्षेत्रफळ सुमारे ६२८ चौरस सेंमी भरतं. सॉफ्टवेअरने ते तेवढंच ठेवून त्याची सपाट चकती केली, तर चकतीची त्रिज्या येते १४.१ सेंमी. ही चकती आता गोलाशी ताडून बघा. गोलावर मधल्या शिवणीची लांबी ६२.८ सेंमी हवी, चकतीच्या कडेची लांबी ८८.८ आहे, म्हणजे ४१ टक्के जास्त. गालाच्या मध्यापासून शिवणीपर्यंत गोलावर १५.७ सेंमी कापड लागतं, चकतीवर ते १४.१ आहे, म्हणजे १० टक्के तोकडं. कडेला कापड उरतं म्हणून चुण्या, मध्ये कमी पडतं म्हणून गाल चपटे.

न ताणणाऱ्या कापडाच्या दोन सारख्या चकत्या कडेने शिवून पूर्ण फुगवल्या तर कोणता आकार येतो, याचंही गणित झालेलं आहे. फुगल्यावरचा व्यास सपाट चकतीच्या सुमारे ७६ टक्के राहतो, आणि जाडी त्या फुगलेल्या व्यासाच्या सुमारे ६० टक्के. तुमच्या चकतीचा व्यास २८.३ सेंमी, म्हणजे बाजूने पाहिलं तर डोकं २१.६ सेंमीचं आणि समोरून पाहिलं तर १३ सेंमीही भरायचं नाही. मिंकी ताणली जाते म्हणून प्रत्यक्षात याहून थोडं बरं आलं असेल, पण रोग तोच.

गोल पृष्ठभाग ताणल्या-फाडल्याशिवाय सपाट होत नाही, हे गणितज्ञ गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केलं. नळी होते, शंकू होतो, गोल होत नाही. खेळणी बेतणाऱ्याला या सिद्धांताचा फार व्यावहारिक उपयोग आहे. मॉडेल ज्या त्रिकोणांच्या जाळीने बनतं त्या मेशवरचा कोणताही एक बिंदू घ्या, त्याच्याभोवतीच्या त्रिकोणांचे त्या बिंदूपाशी होणारे कोन मोजा आणि बेरीज ३६० मधून वजा करा. उरते ती त्या बिंदूवरची तूट. घनाच्या कोपऱ्यावर तीन काटकोन भेटतात, २७० अंश, तूट ९०. असे आठ कोपरे, एकूण ७२०. बंद असलेल्या आणि आरपार भोक नसलेल्या कोणत्याही आकारावर ही बेरीज ७२० अंशच येते, मग तो चेंडू असो की हत्ती. काखेत, मानेच्या खोलगट भागात, सोंड चेहऱ्याला मिळते तिथे कोनांची बेरीज ३६० च्या वर जाते, म्हणजे तूट ऋण होते. आणि जेवढी तिथे ऋण, तेवढी बाकीच्या ठिकाणी जास्त धन.

हे शिवणकामात आणलं तर असं: जिथे तूट आहे तिथे टक्स घालून, म्हणजे कापडाची पाचर दुमडून शिवून, तेवढा कोन मिटवायचा, आणि जिथे ऋण आहे तिथे कापड उघडून जादा कापडाची पाचर भरायची. टक्स म्हणून वेगळा घातला नाही तरी चालतं, तुकड्याच्या कडेला दिलेला बाक तेच काम करतो. मुद्दा एवढाच की ७२० अंश कुठे ना कुठे शिवणीत जिरवावे लागतात. जिरवले नाहीत तर कापड ताणून घेतं किंवा चुण्या पाडून दाखवतं.

किती तुकडे पुरतात? चेंडूच्या कळ्यांवर, म्हणजे संत्र्याच्या फोडीसारख्या उभ्या तुकड्यांवर, याचा अंदाज चांगला येतो. गोलावर एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत कुठूनही गेलं तरी अंतर सारखंच. म्हणून प्रत्येक कळीची कड तिच्या मधल्या रेषेइतकीच लांब हवी, पण सपाट कळीची कड बाकदार असल्यामुळे ती जास्त भरते. चार कळ्या केल्या तर कड सुमारे १४ टक्के जास्त लांब निघते, सहा केल्या तर साडेसहा, आठ केल्या तर पावणेचार टक्के. न ताणणाऱ्या सुती कापडात किंवा फेल्टमध्ये आठ कळ्याही कमी वाटतील. मिंकीत सहा पुरतात, आणि भराव घट्ट असेल तर चारांवरही गोल दिसतो, फक्त जरा चौकोनी झाक मारतो. मऊ खेळण्यांमध्ये ताणणारं कापड एवढं का चालतं याचं अर्धं उत्तर यात आहे: पॅटर्नमधल्या चुका ते पोटात घालतं.

हत्तीच्या डोक्याला मात्र मी कळ्या करणार नाही. शिवणींची गर्दी चेहऱ्यावर वाईट दिसते. अस्वलाच्या डोक्याला पूर्वीपासून वापरतात तीच रचना इथे चालेल: दोन बाजूचे तुकडे आणि सोंडेच्या मुळापासून कपाळावरून मागे मानेपर्यंत जाणारी एक मधली पट्टी. पट्टी कपाळावर रुंद, दोन्ही टोकांना निमुळती. एका शिवणीच्या जागी दोन आल्या की डोक्याला समोरून रुंदी मिळते. राहिलेली तूट गालात आहे, तिथे प्रत्येक बाजूला एक टक्स द्या आणि कान त्याच टक्समध्ये धरून शिवा. कानाला वेगळी शिवण लागत नाही, टक्सही झाकला जातो. सोंड वर वळलेली असेल तर आतल्या आणि बाहेरच्या बाजूची लांबी वेगळी पडते. दोन बाजूच्या तुकड्यांखाली हनुवटीपर्यंत येणारी एक अरुंद पट्टी दिली की तो बाक टिकतो.

शिवणरेषा आखताना मी आणखी काही गोष्टी पाहते. उठावदार कड असेल, उदाहरणार्थ पायाच्या तळव्याची, तर शिवण नेमकी त्या कडेवरून जाऊ द्यायची; शिवणीमुळे कड आणखी उठून दिसते. गुळगुळीत पोटाच्या मधोमध शिवण आली तर तिथे उगाच कणा आल्यासारखं दिसतं. चारपेक्षा जास्त शिवणी एका बिंदूत आणायच्या नाहीत, मायेचे थर एकावर एक येऊन गाठ होते आणि मशीनची सुई तुटते. आणि जिथे सुई आणि बोटं पोचणारच नाहीत अशी शिवण कागदावर कितीही सुंदर दिसली तरी पुसून टाकायची.

मग उलगडणं. ब्लेंडरमध्ये अनरॅपच्या पद्धती निवडता येतात आणि बहुतेक जण जी आधीपासून निवडलेली असते तीच चालू ठेवतात. ‘कन्फॉर्मल’ ही पद्धत ब्रुनो लेव्ही आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या गणितावर चालते, आणि ‘अँगल बेस्ड’च्या मुळाशी अल्ला शेफर आणि एरिक द स्टुर्लर यांचं २००१ चं काम आहे. दोन्हींचा भर कोन राखण्यावर. त्यांचा मुख्य उपयोग मॉडेलवर चित्र चढवण्यासाठी होतो, आणि तिथे एखादा भाग दुप्पट मोठा पसरला तरी बिघडत नाही, चित्रही तेवढंच पसरतं. कापडाला ते चालत नाही. कापड तिरप्या दिशेने सहज वाकडं होतं, म्हणजे कोन थोडे बदलले तर ते सांभाळून घेतं. लांबी बदलली की मात्र लगेच दिसतं. म्हणून कापडासाठी लांबी राखणारी पद्धत हवी. ब्लेंडर ४.३ पासून ‘मिनिमम स्ट्रेच’ नावाचा पर्याय आला आहे, तो वापरा. जुन्या आवृत्तीत अडकला असाल तर अनरॅप केल्यावर ‘मिनिमाइझ स्ट्रेच’ चालवा. निकाल तितका चांगला नसतो, पण आधीपेक्षा बरा.

ब्लेंडरच्या यूव्ही एडिटरमध्ये, म्हणजे उलगडलेले सपाट तुकडे दिसतात त्या खिडकीत, ताण रंगात दाखवायची सोय आहे. ती चालू करा आणि कोनाऐवजी क्षेत्रफळ निवडा. निळं म्हणजे ठीक. हिरव्या-पिवळ्याकडून लालाकडे जाईल तसा बिघाड वाढतो. लाल दिसला की लगेच नवीन तुकडा पाडायची घाई नको. आधी जवळची शिवण त्या लाल भागाकडे सरकवून बघा, मग त्या शिवणीतून आत घुसणारा एखादा छोटा टक्स टाकून बघा. तुकडे वाढवणं शेवटी. थोडा हिरवा-पिवळा भाग मिंकीत खुशाल राहू द्या.

उलगडण्यापूर्वी मेशची थोडी मशागत लागते. स्कल्प्ट केलेलं (मातीकामासारखं बारीक घडवलेलं) लाखभर त्रिकोणांचं मॉडेल घेऊन बसू नका. कातडीवरची प्रत्येक सुरकुती पॅटर्नच्या कडेला दातेरी करून ठेवते. रीमेश करून, म्हणजे जाळी नव्याने विरळ विणून, त्रिकोण दोन-तीन हजारांपर्यंत आणा आणि गुळगुळीत करा. ऑब्जेक्टचं स्केल ‘अप्लाय’ करा, नाहीतर उलगडलेल्या तुकड्यांची मापं एका दिशेने चुकतात. मॉडेल डावं-उजवं सारखं असेल तर अर्धं पुसून फक्त एक बाजू उलगडा, दुसरी आरशातली. दोन्ही बाजू वेगवेगळ्या उलगडल्या तर त्या तंतोतंत सारख्या येत नाहीत, आणि मग खेळणं एका बाजूला मान वळवून बसतं.

फर वापरणार असाल तर लवेची उंचीही धरा. फरचा पाया हा तुमचा पृष्ठभाग, बाहेर दिसणारा आकार नव्हे. मॉडेल बाहेरच्या आकाराचं असेल तर उलगडण्याआधी ते लवेच्या जाडीइतकं आत घ्या (श्रिंक-फॅटन, ऑल्ट आणि एस). मिंकीची लव दोन-तीन मिलिमीटरची, तिथे याची गरज पडत नाही.

मानेचं काय झालं ते आता. भराव आतून बाहेर ढकलतो, म्हणून खोलगट भाग नेहमी उथळ होऊ पाहतो. पण खोलगट भाग दोन जातीचे असतात आणि त्यांचे उपाय वेगळे. मानेची खाच पूर्ण वेढा घालते. तिथला घेर कापडाने बांधलेला असतो, म्हणून ती टिकवता येते. त्यासाठी डोकं आणि धड सलग कापू नका, मानेवर आडवी गोल शिवण द्या. शिवण स्वतः कमी ताणली जाते, त्यामुळे ती पट्ट्यासारखी आवळून धरते. तरीही मॉडेलमध्ये मानेचा घेर हवा त्यापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी ठेवा, भराव ती तूट भरून काढतो. डोळ्याची खोबण किंवा गालावरची खळी ही दुसरी जात: एका बाजूचा खड्डा, वेढा नाही. तो पॅटर्नने टिकवायच्या मागे लागू नका, कितीही टक्स घाला, कापूस तो बाहेर ढकलणारच. भराव टाकल्यावर लांब सुईने आरपार दोरा ओढून तो खड्डा घ्यायचा. मॉडेलमध्ये असे खड्डे मी उलगडण्यापूर्वीच बुजवून टाकते, निष्कारण पॅटर्न वाकडा होतो.

मानेची शिवण मायेसहित आतल्या बाकावर असते, तिथे मायेला काप दिले नाहीत तर सुलट केल्यावर ती आखडते. हे तुम्हाला माहीत असेलच, पण संगणकावर पॅटर्न काढणारे मायेच्या बाबतीत हमखास घाई करतात म्हणून सांगते. मॉडेलमधून येते ती शिवणरेषा. माया तिच्या बाहेर: मिंकीला ६ मिलिमीटर, फरला ८ ते १०. इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लिंक्ड ऑफसेट’ने ती मिळते, मात्र टोकदार कोपऱ्यांवर माया कशी वळते ते डोळ्यांनी तपासा. जोडाच्या खुणा शिवणरेषेपासून मायेत जातील अशा काढा. खुणा कुठे द्यायच्या हे संगणकाला नेमकं कळू शकतं, कारण दोन तुकड्यांच्या कोणत्या कडा मॉडेलवर एकच होत्या हे त्याच्याकडे नोंदलेलं असतं. ‘सीम्स टू सुइंग पॅटर्न’ हे ब्लेंडरचं ॲड-ऑन त्या नोंदीचा चांगला उपयोग करतं: तुकडे सपाट मांडतं, जोडीच्या कडा एकमेकींना धाग्यांनी जोडून ठेवतं आणि पॅटर्न एसव्हीजी या रेखाचित्राच्या फाइलीत काढून देतं.

याच धाग्यांमुळे कापड कापण्याआधी एक तालीम करता येते. ब्लेंडरच्या कापडाच्या सिम्युलेशनमध्ये शिवणीचे धागे ओढून घ्यायची सोय आहे आणि २.८२ पासून आतला दाबही देता येतो. तुकडे जुळतात, मग फुगतात, आणि तुमचा हत्ती शिवल्यावर साधारण कसा दिसेल ते समोर येतं. कापसाचं वागणं यात येत नाही. हवेचा दाब सगळीकडे सारखा असतो आणि आपण पायात घट्ट, पोटात सैल भरतो. पण मान राहते की जाते, डोकं अरुंद होतंय का, सोंड खाली पडते का, एवढं नक्की कळतं. मॉडेल आणि फुगवलेला आकार एकावर एक ठेवा, जिथे फुगवलेला बाहेर येतो तिथे मॉडेल आत घ्या, पुन्हा उलगडा, पुन्हा फुगवा.

हा उलटा विचार नवा नाही. ताकेओ इगाराशी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘टेडी’ नावाची प्रणाली केली, कडेची रेषा काढली की ती फुगवून थ्रीडी आकार देणारी. पुढे युकी मोरी आणि इगाराशी यांनी २००७ मध्ये ‘प्लशी’ दाखवली. त्यात तुम्ही काढलेली बाह्यरेषा हा पॅटर्न धरला जात नाही, तर फुगल्यावर बाह्यरेषा तशी दिसली पाहिजे असं धरून प्रणाली स्वतः पॅटर्न मोठा करत नेते. सोंडेला १.५७ ने गुणायचा हिशेब मी वर सांगितला, तेच काम ती प्रत्येक आकाराला, न सांगता, दर रेषेनंतर करते. खेळण्यांच्या बाबतीत संगणकाकडून घेण्यासारखी खरी मदत ही आहे. उलगडून देणारी साधनं पुष्कळ आहेत.

कापडाचा ताण मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. उभी एक आणि आडवी एक पट्टी कापा, प्रत्येकीवर १० सेंमीच्या खुणा करा, आणि भराव जितका ताण देईल तितक्याच जोराने ओढून मोजा. आडवी १२ आणि उभी १०.५ झाली, तर २० आणि ५ टक्के. जास्त ताणाची दिशा घेरात ठेवली तर खेळणं गुटगुटीत होतं, उंचीत ठेवली तर लांबोडकं. हत्तीला मी ती घेरात ठेवीन. पण लवेची दिशाही पाहावी लागते, ती वरून खाली यायला हवी, आणि कधी कधी दोन्ही गोष्टी जमत नाहीत. अशा वेळी लव जिंकते, कारण उलट्या लवेचा तुकडा दुरूनही वेगळ्या रंगाचा दिसतो; ताणाचा फरक पॅटर्नमध्ये सावरता येतो. तुकडे कागदावर मांडताना पॅकिंगमधल्या तुकडे फिरवण्याच्या पर्यायावरची खूण काढून टाका, नाहीतर जागा वाचवण्याच्या नादात सॉफ्टवेअर प्रत्येक तुकडा वेगळ्या दिशेला झोपवतं आणि उभ्या धाग्याची दिशा हरवते.

प्रिंटच्या मापाचा घोळ एका युक्तीने कायमचा मिटतो. यूव्हीच्या चौकटीला सेंटिमीटर कळत नाहीत. म्हणून मॉडेलच्याच मेशमध्ये बाजूला बरोबर १० बाय १० सेंमीचा एक सपाट चौकोन ठेवा, त्याच्यासकट उलगडा आणि ‘ॲव्हरेज आयलंड्स स्केल’ चालवा, म्हणजे सगळे तुकडे एकाच प्रमाणात येतात. एसव्हीजी इंकस्केपमध्ये उघडल्यावर सगळं एकत्र निवडून तो चौकोन १०० मिलिमीटरचा होईपर्यंत लहान-मोठं करा. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद, आणि छापल्यावर चौकोनाला पट्टी लावून बघायची.

इंकस्केपमध्ये आल्यावर कडा साफ कराव्या लागतात, कारण मेशच्या कडा म्हणजे छोट्या सरळ रेषांची माळ. इथे एक खोच आहे. समजा पायाचा तळवा मेशमध्ये १२ बाजूंचा आहे. त्याची परिमिती खऱ्या वर्तुळापेक्षा सुमारे १.१ टक्का कमी असते; ८ बाजूंचा असेल तर अडीच टक्क्यांच्या थोडी वर. पायाच्या नळीची खालची कड त्याच मेशमधून आलेली, म्हणून दोन्ही जुळतात. तुम्ही तळवा पुसून त्या जागी छान वर्तुळ काढलं आणि नळीची कड तशीच ठेवली की जुळणी गेली. तेव्हा एक कड गुळगुळीत केली तर तिची जोडीदार कडही करा, आणि दोन्हींची लांबी ‘मेझर पाथ’ने मोजा. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक मिंकी गिळते. तसंच, कपाळाची पट्टी घडीवर कापणार असाल तर तिची कड घडीला काटकोनात भेटली पाहिजे. नाहीतर उलगडल्यावर बरोबर कपाळाच्या मध्यावर टोक किंवा खळगा येतो.

शिवायचा क्रम कोणतंही साधन सांगत नाही. हत्तीसाठी तो असा: कान तयार करून गालाच्या टक्समध्ये, सोंडेखालची पट्टी, मग कपाळाची पट्टी, डोकं पूर्ण. धडाच्या बाजू आणि पोट, पाठीची शिवण अर्धी, पायाचे तळवे, शेवटी मानेची गोल शिवण. सुलट करायचं तोंड पाठीच्या सरळ भागात सहा-सात सेंमीचं ठेवा. बाकदार शिवणीवर तोंड ठेवलं तर हाताने बंद करताना तिथला आकार हमखास बिघडतो.

पहिला नमुना त्याच कापडात शिवा, रंग कोणताही चालेल. स्वस्त सुती कापडात शिवलेला नमुना मिंकीबद्दल काहीच सांगत नाही. कापायच्या आधी उलट्या बाजूने दोन-दोन सेंमीच्या चौकटी आखा, शिवणी लांब टाक्याने मारा. भरल्यावर जिथे कापड जास्त वाटतं तिथे चिमटीत धरून टाचणी लावा. जिथे आखडतं तिथे खूण करा. मग उसवून, चौकटींवरून मोजून बदल पॅटर्नवर उतरवा: चिमटीतले आठ मिलिमीटर टक्समध्ये, आखडलेल्या जागी पॅटर्न कापून तेवढी फट उघडायची. या टप्प्यानंतर मी थ्रीडी फाइल पुन्हा उघडत नाही. मॉडेल सुधारून नव्याने उलगडलं की हाताने केलेल्या सगळ्या दुरुस्त्या वाहून जातात, आणि कापडावर पाहून केलेली दुरुस्ती गणितापेक्षा खरी असते.

राहिला सॉफ्टवेअरचा प्रश्न. तुमच्याकडचं ब्लेंडर आणि इंकस्केप पुरेसं आहे, फक्त वरचं ॲड-ऑन घाला. मार्व्हलस डिझायनरसारखी कपड्यांची साधनं पॅटर्नकडून आकाराकडे जातात, त्यांतही दाब देता येतो आणि शिवणीचं सिम्युलेशन जास्त भरवशाचं असतं. पण ती तेव्हा घ्या, जेव्हा तुम्ही पॅटर्न थेट सपाट आखू लागाल आणि मॉडेलची गरज फक्त तपासण्यापुरती उरेल. सध्या अख्खा हत्ती पुन्हा शिवू नका. फक्त डोकं घ्या: दोन बाजू, कपाळाची पट्टी, गालाचे टक्स, मानेची गोल शिवण. ते समोरून २० सेंमी भरलं की धडाकडे वळा. नाही भरलं तर आधी पट्टीची रुंदी वाढवा, गालाला नंतर हात लावा.